एफ्राइमची मातीची भिंत

माझा मेहुणा एफ्राइम हॅलिवेल याने आयुष्यात कशाचीच घाई केली नाही. माझ्या बहिणीला, टॅबिथाला, मागणी घालायला त्याने तीन वर्षं लावली. विचारलं तर म्हणे, "पाया बसू दे रे आधी." इंग्लंडातल्या आमच्या ओल्डहॅम गावात त्याच्यासारखा गवंडी नव्हता, आणि त्याच्याइतकं डोकं उठवणाराही कुणी नव्हता. प्रत्येक वीट थापीने टकटक वाजवून बघायचा आणि बद्द वाजली की बाजूला टाकायचा.

१८७६ साली आमच्या गिरणीचं नवं बॉयलरघर उठत होतं. भट्टीवर मीच राहणार होतो, म्हणून रोज डोकावायचो. उंच छप्पर, वाफ जायला माथ्यावर झरोके, आणि रस्त्याच्या अंगाला नऊ फुटी कमान, लाल विटांत पिवळ्या विटांचे पट्टे. ती एफ्राइमने सहा आठवडे खपून एकट्याने बांधली. नकाशात कमानीखाली भिंत होती, आणि भिंतीत माणूस जाईल एवढंच दार.

"मालक, बॉयलर आत येऊ द्या, मग भिंत घालू," एफ्राइम म्हणाला.

बर्टनशॉ मालकांनी उडवून लावलं. व्हिटसन सणाच्या शुक्रवारी चर्चच्या सगळ्या मिरवणुका बँड वाजवत गिरणीसमोरून जायच्या. मालकांना त्याआधी दर्शनी बाजू पुरी झालेली हवी होती.

"बॉयलरचं नंतर बघू. भिंत आधी."

एफ्राइम 'बरं' म्हणाला आणि भिंत घालायला लागला. मी जवळ जाऊन पाहिलं, तर बाहेरून सांध्यांत बोटभर चुना आणि आत नुसता चिखल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुना संपला की अक्कल?" मी म्हणालो. "लोक मला विचारतील, हाच का तुझा मेहुणा?"

"टॅबिथाने मटण-बटाटा शिजवलाय. जेवून जा," एवढंच तो म्हणाला. मी जेवलो, आणि जेवतानाही त्याला हिणवलं.

मिरवणूक थाटात पार पडली. सोमवारी बॉयलर आला. तीस फूट लांब, साडेसात फूट रुंद, ओढायला चोवीस घोडे. सगळी गल्ली बघायला जमली. बॉयलर दारासमोर थांबला आणि मालकांचा चेहरा पडला.

"पाडा," ते पहारी घेतलेल्या मजुरांना म्हणाले. "कमानीसकट पाडा."

एफ्राइम कमानीखाली जाऊन उभा राहिला.

"कमानीला हात लावू नका, मालक. मला अर्धा तास द्या."

त्याने थापीच्या टोकाने चुना खरवडला आणि एक वीट ओढली. ती सहज हातात आली. मग दुसरी, तिसरी. भिंतीवर कसलाच भार नव्हता, सगळा भार कमानीने पेलला होता. एकही वीट न फुटता भिंत बाजूला रचली गेली आणि बॉयलर कमानीखालून आत सरकला. घोडेवाल्यांनी टोप्या उडवल्या.

"आधी का नाही बोललास?" मालक म्हणाले.

"बोललो होतो, मालक. तुम्ही म्हणालात, भिंत आधी."

गल्ली हसली. मालकही हसले, जरा उशिराने.

दुसऱ्या दिवशी तो भिंत परत घालू लागला. पुन्हा चिखलातच.

"अरे, आला ना आत बॉयलर? आता तरी चुना घाल," मी म्हणालो.

"बॉयलरही म्हातारा होतो, सायलस. त्याला बाहेर यायला नको?"

अठ्ठावीस वर्षं मी त्या बॉयलरला कोळसा घातला. १९०४ मध्ये तो बदलायचं ठरलं. एफ्राइमला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. नव्या इंजिनीयरने वर पाहिलं आणि कमान पाडायला सांगितलं.

"थांबा साहेब," मी म्हणालो. भट्टीची सळई घेतली, चुना खरवडला आणि वीट ओढली. सुकी माती बुटावर सांडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुणी बांधलीय ही?" इंजिनीयरने विचारलं.

"माझ्या मेहुण्याने," मी म्हणालो, आणि पुढची वीट काढायला घेतली.