साळूबाईचा होकार

साळूबाईला खोटं बोलता येत नसे, आणि ही काही फार कौतुकाची गोष्ट नव्हती. दारात आलेल्या बाईला कुणी 'जेवलीस का' विचारलं, तर जगातली सगळी माणसं 'झालं की' म्हणून मोकळी होतात. साळूबाई म्हणायची, "न्हाई. सकाळधरनं काय न्हाई पोटात." मग त्या घरच्या बाईला मुकाट चुलीकडं वळावं लागे. लग्नाच्या पंगतीत नवरीच्या आईनं स्वतः येऊन 'कसं झालंय' म्हणून विचारलं तर ही सांगणार, "आमटी खारट हाय." उत्रोलीपासून भोरपर्यंत लोक तिला काही विचारायचं म्हणजे जरा कचरतच.

ती मूळची मार्गासनीकडची, शेतकऱ्याची पोर. भोरच्या रस्त्याला मिशनच्या सिस्टर लोकांचा लहानसा दवाखाना आणि चॅपल होतं, तिथं झाडलोटीला लागली आणि तिथल्याच जीपच्या ड्रायव्हरशी तिनं लग्न केलं. त्याचं नाव ग्रेगरी. ते कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून तो सगळ्यांचा गेनू झाला. आजोबांपासूनचा कॅथलिक. साळूबाईनं धर्म बदलला नाही, बिशपांची परवानगी काढून लग्न लागलं. तिच्या बापानं मात्र जित्या पोरीच्या नावानं आंघोळ केली. त्यानंतर तिला माहेर उरलं नाही, आणि सासरच्या देवाशीही धड ओळख झालेली नव्हती.

एक्क्याण्णव साली तिला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. सगळ्या सिस्टर वार्षिक प्रार्थनेसाठी पुण्याला गेलेल्या, गेनूच त्यांना सोडायला गेला होता. शेजारची रतनबाई धावली. मुलगी झाली, पण निळी पडलेली. श्वास घेई आणि मध्येच विसरून जाई. गेनूनं कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, की जीव जायला लागला आणि फादर जवळ नसले तर कुणीही डोक्यावर पाणी ओतावं आणि अमुक शब्द म्हणावेत, म्हणजे बाप्तिस्मा होतो. साळूबाईला ते शब्द पाठ होते. पोर त्याची, धर्म त्याचा, आपल्याकडून काही कमी पडू नये, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं माठातलं पाणी फुलपात्रात घेतलं, तीनदा ओतलं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा सगळ्यांची नावं घेतली. दोन तासांनी पोर गेली. तिचं नाव प्रेरणा ठेवायचं आधीच ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फादर आले. पाणी डोक्यावरून वाहिलं का, शब्द नेमके कोणते म्हणालात, सगळं त्यांनी शांतपणे विचारून घेतलं आणि म्हणाले, "बाप्तिस्मा बरोबर झालाय. मुलगी थेट स्वर्गात आहे, काळजी करू नका."

"पन फादर, म्या तर तुमच्यातली न्हाई."

"पाणी ओतणाऱ्याचा विश्वास असायलाच हवा असं नाही. चर्च करतं ते करायचं, एवढी इच्छा असली की पुरे."

प्रेरणाला चॅपलच्या मागं पुरलं. तिथं चार-पाच जुन्या कबरी होत्या, ही सगळ्यांत लहान. येशू तिसऱ्या दिवशी उठला हे साळूबाईनं चॅपलमध्ये ऐकलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ती अंगावर दुलई घेऊन त्या मातीच्या उंचवट्यापाशी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उभी राहिली. बाळंतीण बाई, पायावर सूज आलेली. गेनू रडला, सिस्टरनी हात धरून ओढलं, ती हलली नाही. दिवस मावळल्यावर घरी आली ती त्या एका गोष्टीवरचं मन कायमचं उडवूनच. देव आहे हे ती मानायची. पण मेलेलं माणूस उठतं, हे तिला कुणी सांगू नये.

पुढं मूल झालं नाही. बारा वर्षं तिनं चॅपल झाडलं, वेदीवरची कापडं धुतली, नीळ घातली, मिस्साला, म्हणजे फादरांच्या उपासनेला, शेवटच्या बाकावर बसली. फादर महिन्यातून एकदा येत आणि हसून विचारत, "साळूबाई, बाप्तिस्म्याचं काय ठरलं?" एकदा तिनंच त्यांना गाठलं.

"फादर, म्या मेल्यावर पोरीजवळ जाईन का?"

"मागं जागा आहे. नवऱ्याच्या शब्दावर मी देईन."

"जमिनीचं न्हाई इचारत. वरचं इचारते."

फादर गंभीर झाले. खोटा दिलासा देणारा तो माणूस नव्हता, आणि इथंच तर सगळा घोळ झाला. ते म्हणाले, "ज्यांच्या कानावर हे कधी आलंच नाही त्यांचा न्याय देव वेगळा करील. तुमच्या कानावर आलंय. कळून सवरून दाराबाहेर राहणाऱ्याला आत कसं घेणार?"

"म्हंजी त्या रतनबाईला जमंल, आन मला न्हाई?"

"रतनबाईला ठाऊक नाही."

"मग मला तरी कशाला सांगितलंत?" साळूबाई म्हणाली. "पोरीच्या येळंला माझा इस्वास लागला न्हाई. तिला माझ्याच हातनं आत घातलंत. आता माझ्या येळंला लागतो व्हय?"

फादरनी पुष्कळ समजावलं. संस्कार वेगळा, स्वतःचं मन वेगळं. सगळं बरोबरच असणार, ते शिकलेले होते. साळूबाई कपडे धुवायला निघून गेली. राग मात्र तिला देवापेक्षा गेनूचा आला. तो दर महिन्याला मिस्सात डुलक्या घ्यायचा आणि त्याची जागा वर पक्की होती. तो म्हणायचा, "अगं, मला तरी कुठं कळतंय? व्हय म्हनायचं नि सुटायचं."

दोन हजार तीनच्या सुमारास तिच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून घरी पाठवलं. मग बाप्तिस्मा घे म्हणून गेनू पाया पडायचाच बाकी राहिला. तो म्हणाला, "माझ्यासाठी नगं. पोरीसाठी म्हन. ती एकलीच हाय तिकडं." हे म्हणायला नको होतं. बारा वर्षं जी बाई हलली नाही ती या एका वाक्यानं मोडली.

फादर दुपारी आले. दोन सिस्टर मेणबत्ती घेऊन उशापाशी उभ्या राहिल्या. फादरनी पुस्तक उघडून विचारलं, आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या पित्यावर विश्वास ठेवता का? साळूबाई म्हणाली, "व्हय." ते खरं होतं. मग त्यांनी विचारलं, जो क्रुसावर मेला, पुरला गेला आणि मेलेल्यांतून उठला, त्या पुत्रावर विश्वास ठेवता का?

साळूबाईनं गेनूकडं पाहिलं. तो मान हलवून तिला खुणावत होता.

"व्हय," ती म्हणाली.

तिसऱ्या प्रश्नाला काय विचारलं ते तिनं ऐकलंच नाही, तरी होकार दिला. पाणी ओतलं गेलं. सिस्टरांनी बारीक आवाजात गाणं म्हटलं आणि गेनू हमसून रडला. फादर खरोखर आनंदले होते.

"आता पोर भेटंल ना?" तिनं विचारलं.

"नक्की भेटेल," फादर पुस्तक पिशवीत ठेवत मायेनं म्हणाले. "मनापासून मानलंत ना, मग झालं. विश्वास तेवढा खरा हवा."

त्यांना एसटीत बसवून गेनू परत आला तेव्हा साळूबाई टक्क उघड्या डोळ्यांनी पडली होती.

"म्या खोटं बोलले," ती म्हणाली.

"कुनाला कळतंय त्ये?"

"ज्याच्या दारात जायाचं त्याला."

"गप पड बघू आता. झालं ना सगळं?"

"तिच्यासाठी बोलले," साळूबाई म्हणाली, "आन तिच्याच वाटंत आडवं आलं." गेनू चहा ठेवायला आत गेला.

पुढचे चार दिवस तिनं डोळा लावला नाही. फादरना परत बोलवा, सगळं मोडा, असं ती दोनदा म्हणाली. गेनूनं ते तापातलं बोलणं समजून सोडून दिलं, किंवा तसं समजायचं ठरवलं. पाचव्या दिवशी ती गेली. प्रेरणाच्या शेजारी, हातभर अंतरावर तिला पुरलं. फादर म्हणाले, आपली ही बहीण खऱ्या विश्वासात निजली आहे. सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि त्यात गेनूचा आवाज सर्वांत मोठा होता.