ट्रॅक्टरवरची मुलाखत

ऐन थंडीत आमच्या गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि दहा-बारा दिवस लाइट नव्हती. कशी जळाली ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. सकाळी घरोघरी अंघोळीच्या पाण्यात हिटर, त्यात गव्हाला पाणी द्यायला मोटारी. डीपीचा फ्यूज सारखा उडायचा. मग आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्यात चांगली जाड तार पिळून घातली. फ्यूज उडायचा थांबला. डीपीच गेली.

मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते, विषय फिजिक्स. आमच्या घरात दहावीपुढं गेलेली मी पहिलीच, आणि हे मी दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. तार घालताना मी म्हणालेही होते, "आबा, असं नसतं करायचं."

"मला शाळा नको शिकवू."

पाचव्या दिवशी अकराला हिंजवडीच्या एका कंपनीची मुलाखत होती, मोबाइलवर, व्हिडिओ कॉलनं. नोकरीचं पहिलंच बोलावणं, आणि मोबाइल बंद पडलेला. आईनं तांब्यात निखारे घालून माझ्या ड्रेसला इस्त्री केली. "मोबाइलचं तुझ्या बापाला बघू दे. त्यानंच केलंय समदं."

आबांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीला चार्जर जोडला. रेंज फक्त वरच्या माळावर. म्हणून मी माळावर, ट्रॅक्टरच्या सीटवर, मांडीवर घोंगडी घेऊन बसले. आबा चाकाशी उकिडवे.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "एखादा प्रॉब्लेम सांगा, ज्याचं मूळ कारण तुम्ही शोधलंत."

खालून आबा कुजबुजले, "डीपीचं न्हाई सांगायचं हां." कुजबुज कसली, माळभर ऐकू गेलं.

"कुठली डीपी?" बाई म्हणाल्या.

मग काय, सगळंच सांगितलं. हिटर, मोटारी, फ्यूजनं स्वतः जळून पुढचं वाचवायचं असतं ते. तार मात्र "गावातल्या एका अनुभवी माणसानं" घातली, असं मी म्हणाले.

बाई हसल्या. "ते तिथंच बसलेत का?"

आबा उठले, टोपी नीट केली आणि फोनसमोर आले. "व्हय बाई, मीच त्यो. पन पोरीनं आदीच सांगितलं व्हतं. म्याच ऐकलं न्हाई."

आठवड्याभरात नवी डीपी आली, कंपनीचा होकारही आला. दुसऱ्याच सकाळी फ्यूज उडाला. शेजारचे काका जाड तार घेऊन दारात हजर.

"थांब," आबा म्हणाले, "आदी आमच्या पोरीला इचार."

मी दात घासत होते. तोंडातला फेसही न थुंकता मी मान हलवली. नाही म्हणजे नाही.