सात नंबरचा टॅब अपडेट होईना

“मॅडम, परत फेल!” फोनवर सुशांतचा आवाज रडवेला झाला होता. “सगळ्या लाइनचे टॅब अपडेट झाले. एक सात नंबर सोडून.”

“स्टोरेज काय दाखवतंय?”

“फुल.”

“अरे, काल मी स्वतः रिकामं केलंय.”

“मग कोणीतरी परत भरलं, मॅडम. मी नाही भरलं.”

मी तळवड्याच्या आमच्या ऑफिसात बसले होते, तो चाकणला. आमचं काम सोप्या भाषेत सांगायचं तर असं. कारखान्यात हल्ली कागदांऐवजी अँड्रॉइडचे टॅब असतात. कोणता पार्ट आला, तपासला का, पास की फेल, सगळी नोंद त्यावर होते. असे शेकडो टॅब आम्ही ऑफिसात बसून लांबून सांभाळतो. त्यांना कुलूप लावतो, अपडेट पाठवतो आणि ते बंद पडले की शिव्या खातो. चाकणची ही कंपनी मोटारींच्या दारांची हँडलं बनवायची. सुशांत तिथला आयटीवाला. सगळ्या प्लँटला मिळून एकटाच.

ज्या मोटार कंपनीला ही हँडलं जायची, तिने तपासणीचं अ‍ॅप बदललं होतं. शुक्रवारपासून जुनं अ‍ॅप बंद. नवीन अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडवर चालत नव्हतं. म्हणजे आधी टॅब अपडेट व्हायला हवा, मग अ‍ॅप, मग नोंद. नोंद नसलेला माल त्यांच्या गेटवरूनच परत येणार होता. आणि सात नंबरचा टॅब होता शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. प्रत्येक हँडल तिथूनच पुढे जायचं. त्या दिवशी बुधवार होता.

सिस्टीम अपडेटला टॅबमध्ये भरपूर मोकळी जागा लागते. आधी फाइल उतरते, मग ती उघडते, मग बसते. मी ऑफिसातून सात नंबर फॅक्टरी रीसेट केला. म्हणजे टॅब पार नव्यासारखा कोरा केला. जागाच जागा. अपडेट परत लावलं आणि निर्धास्तपणे जेवायला गेले.

जेवून आले तर सुशांतचा मेसेज. परत फुल.

“टॅबच बदल,” मी सांगितलं. “कपाटातला नवीन काढ आणि तो लाव.”

त्याने लावला. संध्याकाळपर्यंत नवीन टॅबही फुल झाला.

आता मात्र मला घाम फुटला. टॅब बिघडतात, मान्य आहे. पण एकाच टेबलावरचा दुसरा टॅब त्याच पद्धतीने बिघडत नाही. गुरुवारी सकाळी स्कूटर काढली आणि चाकण गाठलं.

सात नंबरच्या टेबलावर लिंबू-मिरची लटकत होती.

“हे काय?”

“जागाच बेकार हाय ती, मॅडम,” लाइनचे सुपरवायझर नाना म्हणाले. नाना तिथलेच, चाकणचे. कंपनी यायच्या आधी ती जमीन त्यांच्या चुलत्याची होती. “आमी पयल्यापासनं म्हनतोय, हितं टेबल लावू नका. पर ऐकतंय कोन?”

“नाना, स्टोरेज फुल होतंय. त्याचा जागेशी काय संबंध?”

“मंग दुसरा टॅब का भरला?”

मी टॅब स्टँडमधून काढायला गेले.

तेवढ्यात प्लँट हेड काटकर साहेब आले. उंच, धिप्पाड, आवाज असा की प्रेस मशीनलाही संकोच वाटावा. “मॅडम, उद्या माल परत आला तर मी काय सांगू? टॅबला नजर लागली म्हणून?”

“बघते साहेब.”

“मी स्वतः दर तासाला येऊन बघतोय. काडीचा फरक नाही. तुम्ही लोक नक्की करता काय?”

मी टॅब काढून लॅपटॉपला जोडला. आमच्या टॅबवर किओस्क मोड असतो. म्हणजे स्क्रीनवर फक्त तपासणीचं अ‍ॅप दिसतं. गॅलरी, यूट्यूब, गेम, सगळं कुलूपबंद. त्यामुळे आत काय साठलंय ते लाइनवरच्या कोणालाच दिसत नाही. कॅमेरा तेवढा आम्ही चालू ठेवलेला असतो, कारण पार्ट टॅबसमोर धरून त्याचा फोटो काढावा लागतो. मी कॅमेऱ्याचं फोल्डर उघडलं. ते उघडता उघडेना, इतके फोटो. हजारो.

सुरुवातीचे सगळे एकसारखे. आकाशी रेघा आणि मधोमध एक बटण.

सुशांत माझ्या खांद्यावरून डोकावला. “मॅडम, हॅकिंग!”

“कोण हॅकर बटणाचे फोटो काढेल?”

पण ‘हॅकिंग’ हा शब्द साहेबांच्या कानावर पडला होता. पुढच्या काही मिनिटांत आम्ही सगळे कॉन्फरन्स रूममध्ये. दार बंद. माझा लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडलेला. साहेब स्क्रीनशेजारी उभे.

“कोणीतरी आपल्या लाइनवर येऊन चोरून फोटो काढतंय,” ते म्हणाले. “मॅडम, दाखवा.”

मी एकेक फोटो सरकवायला लागले. काल दुपारी आकाशी रेघा, मधे बटण. काल संध्याकाळी आकाशी रेघा, मधे बटण.

“हे कापड आपल्या युनिफॉर्मचं नाही,” साहेब म्हणाले. “म्हणजे बाहेरचा माणूस. दिवसभर येतो आणि कोणाला दिसत नाही. हुशार आहे राव.”

“साहेब, आज सकाळचेही आहेत,” मी म्हणाले आणि आजचा पहिला फोटो उघडला.

पिस्ता रंगाचा शर्ट. अख्ख्या स्क्रीनभर. बाकीची बटणं पांढऱ्या दोऱ्याची, एक मात्र काळ्या दोऱ्याने टाचलेलं.

“हे बघा!” साहेबांनी स्क्रीनवर बोट आपटलं. “खूण सापडली. काळा दोरा. गेटवर सिक्युरिटीला कळवा. असं बटण दिसलं की त्या माणसाला तिथेच धरायचं.”

नाना छताच्या पंख्याकडे बघत होते. सुशांत माझ्याकडे बघत होता. आणि मी साहेबांच्या शर्टाकडे बघत होते. पिस्ता रंग. ताणलेला. वरून चौथं बटण काळ्या दोऱ्याचं.

सुशांतची नोकरी तिथली, नानांचीही तिथलीच. बाहेरची मी एकटी. बोलायचं माझ्यावरच आलं.

“साहेब,” मी म्हणाले, “शर्टाचा रंग छान आहे तुमच्या.”

“कुणाच्या? माझ्या? आता हे काय मधेच?”

“बटण घरी लावलंय का?”

“हो, सकाळी घाईत मिसेसने…” साहेबांनी खाली बघितलं. मग स्क्रीनकडे. मग परत खाली. उजवा हात नकळत बटणावर गेला.

“मी कशाला माझेच फोटो काढीन?” या वेळी आवाज अगदी बारीक होता.

“चला, टेबलापाशी जाऊ. बघू या.”

आम्ही सगळे सात नंबरला गेलो. टॅब परत स्टँडमध्ये लावला. स्टँड टेबलाच्या अगदी कडेला होता, तिरका, आणि टॅबची बटणं बाहेरच्या, खालच्या बाजूला.

“साहेब, तुम्ही दर तासाला येऊन बघायचात, ते कसं?”

“कसं म्हणजे? असं.” त्यांनी चष्मा कपाळावर सारला, दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि स्क्रीनवरची बारीक अक्षरं वाचायला पुढे वाकले. पोट टॅबच्या कडेवर विसावलं. स्क्रीन लुकलुकली. कॅमेरा उघडला. “हे असं मधेच रंगीत होतं, मला वाटलं अपडेट चाललंय,” साहेब म्हणाले.

पुष्कळ अँड्रॉइडवर पॉवरचं बटण पटकन दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो. माणसाला चालू क्षण टिपता यावा म्हणून ही सोय. कॅमेरा उघडल्यावर आवाजाचं बटण फोटो काढतं आणि ते दाबून धरलं तर फोटोंची माळच लागते. आवाज आम्ही बंद ठेवलेला, म्हणून क्लिकही ऐकू येत नव्हतं. पार्टसाठी समोरचा कॅमेरा वापरायचे, त्यामुळे उघडायचाही तोच. साहेब श्वास घ्यायचे तसतसे फोटो निघत होते. अपडेट झालं का ते बघायला साहेब यायचे, आणि साहेब येऊन गेले की अपडेटला जागा उरायची नाही. काळजी वाढली तशा फेऱ्या वाढल्या, तसे फोटो.

“म्हंजी जागा चांगली हाय,” नाना हळूच म्हणाले आणि त्यांनी लिंबू-मिरची सोडून खिशात टाकली.

मी दोनदा दाबायची सोय बंद केली. कॅमेऱ्यात आवाजाच्या बटणाचं काम काढून टाकलं. मग म्हणाले, “साहेब, एकदा परत वाका.”

“परत कशाला?”

“टेस्टिंग करायला हवं.”

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. लाइनवरची माणसं अचानक फार मन लावून काम करायला लागली होती. साहेब वाकले.

“थोडं जोरात, साहेब.”

ते जोरात वाकले. काही झालं नाही. मी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सांगितलं. त्यांनी तेही निमूटपणे केलं. एवढं सहकार्य करणारा टेस्टर मला आजवर मिळालेला नाही.

मग बटणं वरच्या बाजूला येतील असा टॅब उलटा लावला, फोटो पुसले आणि अपडेट लावलं. साहेब बघायला पुढे सरकले तसे नाना आडवे आले. “सायेब, लांबनंच बघा ना.” साहेब खरंच लांब, खांबापाशी जाऊन उभे राहिले. दुपारच्या चहाला टॅब चालू झाला, नवीन अ‍ॅप उघडलं, पहिलं हँडल पास झालं. साहेबांनी तिथूनच अंगठा दाखवला. निघताना मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “मॅडम, ते फोटो आणखी कुठे जात नाहीत ना?”

“नाही साहेब,” मी म्हणाले. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

शुक्रवारी माल गेला. एकही गाडी परत आली नाही. सोमवारी सुशांतचा फोन आला. या वेळी रडवेला नव्हता. हसता हसता त्याला बोलता येत नव्हतं. नवीन अ‍ॅप सुरू झाल्या झाल्या कॅमेऱ्याच्या फोल्डरमधले फोटो आपोआप मोटार कंपनीच्या क्वालिटी विभागाला पाठवत होतं, खराब पार्टचे फोटो म्हणून. पुसताना माझ्याकडून थोडे राहून गेले होते. तिकडून मेल आला होता. फोटो मिळाले, पार्ट नंबर दिसत नाही. दोष कापडात आहे की बटणात, ते कृपया कळवावे.

काटकर साहेबांनी स्वतः उत्तर लिहिलं: “दोष बटणात होता. दुरुस्त केला आहे.”

तिकडून ‘क्लोज्ड’ असा शेरा आला.

तेव्हापासून एखादा टॅब अपडेट होत नसेल तर मी सॉफ्टवेअरकडे नंतर वळते. आधी विचारते, टॅब ठेवलाय कुठे, आणि तो बघायला कोण येतं.