चांदमारीला काय नेसावं

रायफल कशी धरायची हे उस्तादांनी मला एका सकाळीच शिकवलं. रायफल धरताना अंगावर काय असावं हे शिकायला मात्र अख्खा हिवाळा गेला, आणि तेवढ्यात बोईसरकडची माझी एकुलती एक मैत्रीण गमावायची वेळ आली.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून बोईसरजवळ सरावलीला आले, तेव्हा तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. नवरा तिथं स्टोअरमध्ये. सकाळी सातला ट्रकमध्ये बसून जायचा, दिवस मावळताना सिमेंटनं पांढरा होऊन यायचा. रविवारीसुद्धा ओव्हरटाइम. घरात दोन खोल्या, एक स्टोव्ह आणि दिवसभर मी. शेजारी एका बाजूला गुदाम, दुसऱ्या बाजूला घरमालक. घरमालकीण आम्हाला ‘घाटावरचे’ म्हणायची, आणि एवढं म्हटलं की तिचं बोलणं संपायचं.

बोलायची ती एक मावशीच. तारापूरच्या कोळीवाड्यातून एक दिवसाआड मासे घेऊन दारावर यायची. पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं लुगडं, डोक्यावर टोपली, आणि आवाज असा की ती वळणावर असतानाच मी चहाला आधण ठेवायची. आमच्याकडे मासे म्हणजे ओढ्यातले बारके, तेही कधीमधी. पहिल्यांदा घेतलेला बोंबील मी तांदूळ धुवावेत तसा खसाखसा धुतला आणि अर्धा मोरीत वाहून गेला. मावशी उंबऱ्यात बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, मग तिनं माझ्या हातातली विळी काढून घेतली. मला हिवताप आला तेव्हा टोपली बाहेर ठेवून तिनं माझाच स्टोव्ह पेटवला नि मला पेज करून घातली. आईचं पत्र यायला आठ दिवस लागायचे, मावशी एक दिवसाआड यायची. त्यामुळं माझी आई कोण, याबद्दल माझा मलाच थोडा गोंधळ झाला होता.

पाकिस्तानशी लढाई नुकतीच संपली होती. खिडक्यांवरचे काळे कागद अजून कुणी काढले नव्हते आणि जो तो दुसऱ्याला काहीतरी शिकवायच्या मागे होता. कुठं प्रथमोपचार, कुठं आग विझवणं. पालघरला बायकांसाठी रायफलीचा वर्ग निघाला. ही बातमी नवऱ्यानंच आणली, तीही थट्टा म्हणून. “तुला बंदूक कशाला? तुझी थालीपिठं सीमेवर पाठवली तरी भागेल,” असं तो म्हणाला, आणि त्याच रागात मी नाव दिलं. खरं सांगायचं तर राग निमित्ताला होता. मला घरातून बाहेर पडायचं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी मातीचा बांध घातलेला, त्यापुढं लाकडी चौकटींवर निशाणाचे कागद. ही आमची चांदमारी. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार होते, त्यांना उस्ताद म्हणायचं असा आम्हाला पहिला हुकूम. पहिल्या रविवारी आम्ही अकराजणी ठेवणीतली पातळं नेसून गेलो होतो. शाळेतल्या बाई तर झेंडावंदनाला जावं तशा इस्त्री करून आल्या होत्या. रायफल मारायची म्हणजे उभं राहून, ऐटीत, असाच आमचा समज. उस्तादांनी जमिनीवर गोणपाटं अंथरली आणि म्हणाले, “लेट जाओ.”

लेटणं म्हणजे पालथं पडायचं, कोपरं टेकायची आणि दोन्ही पाय मागे फाकवायचे. पाचवारी पातळात हे कुणी करून बघावं. एकीचा पदर बोल्टमध्ये अडकला. एका व्यापाऱ्याच्या बायकोचा पदर गुजराती पद्धतीनं उजव्या खांद्यावरून पुढं आलेला, नेमका रायफलीचा दस्ता टेकवायचा तिथं चोळामोळा होऊन बसलेला. मी मान वर केली की माझा अंबाडा पाठीत रुतायचा आणि मान खाली घातली की निशाण दिसायचं नाही. बांगड्या फुटल्या त्या वेगळ्याच. उस्ताद सभ्य माणूस. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि टेकडीकडे तोंड करून हुकूम देऊ लागले, “पदर आवरा! पाय आवरा! सांस रोको!” टेकडीनं ते सगळं नीट ऐकून घेतलं. आमच्या गोळ्या कुठं गेल्या ते मात्र कुणालाच कळलं नाही.

पुढच्या रविवारी पँट घालून यायचं ठरलं. नवऱ्याच्या साइटवरच्या दोन खाकी पँटी होत्या. त्यातली एक मी घेतली, खाली दुमडली, पट्ट्याला तापल्या खिळ्यानं दोन भोकं पाडली, वर त्याचाच खाकी सदरा आणि डोक्याला रुमाल. आरशात बघितलं तर मी मलाच आवडले. सरावलीहून बोईसर स्टेशनपर्यंत चालत गेले, तिथून गाडीनं पालघर. त्या दिवशी माझं निशाण कागदाला तरी लागलं, म्हणून येताना मी जरा छाती काढूनच चालत होते.

पण दारूबंदीचे दिवस ते. आमच्या भागात खाकी घालून कोण येतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओढ्यापलीकडच्या झोपड्यांतून धूर निघायचा तो मी दिसताच बंद व्हायचा. ताडाखाली बसलेली माणसं उठून, कुणीतरी हाक मारल्यासारखी, वेगवेगळ्या दिशांना जायची. बेटेगावचा दूधवाला बरणी पुढं करून म्हणाला, “बाय, आजपासून नुसता दूध हाय.” म्हणजे कालपर्यंत काय होतं ते त्यानं आपण होऊन सांगून टाकलं. रायफल चांदमारीवरच जमा व्हायची, घरी आणायची सोयच नव्हती, पण हे कोण ऐकतो? आमच्या घरात ट्रंकेखाली दोन बंदुका आहेत असं गावानं ठरवून टाकलं. घरमालकीण एकदम तासतासभर बोलू लागली, तिच्या आंब्यावरची माकडं मी एवढी घालवून द्यावीत म्हणून. नवऱ्याला साइटवर लोक जेवणाच्या सुट्टीत विचारायचे, “काय साहेब, भाजी अळणी झाली तर बोलता का?” तो म्हणायचा, “छे, मीठ मागताना हात वर करतो.”

हे सगळं मला मनातून फार आवडत होतं, हे कबूल करते. मग तिसऱ्या आठवड्यात ओढ्यापलीकडे हातभट्टीवर धाड पडली. पिंपं फुटली, दोघांना धरून नेलं. आणि माझ्या लक्षात आलं की मावशी आली नाही. परवाही आली नव्हती. चौथ्या दिवशी वळणावर तिचा आवाज ऐकला, आधण ठेवलं, आणि तो आवाज आमच्या गल्लीला वळसा घालून पुढं निघून गेला.

मी दोन आणि दोन चार केले. खाकी घालणारी बाई, मग धाड, मग मावशीचं येणं बंद. मावशी मला दारूबंदीवाल्यांची खबरी समजते आहे! माझा जीव कासावीस झाला. त्या उंबऱ्यात दुसरं कोणी बसत नव्हतं हो माझ्याकडे. दिवसाला एक माणूस, तेही एक दिवसाआड, आणि तेही मी एका पँटीपायी घालवलं.

तेव्हा खाकी बंद. ट्रंकेतून आईनं दिलेलं नऊवारी काढलं, आमच्याकडच्या बायका शेतात नेसतात तसा घट्ट काष्टा घातला आणि रविवारी तशीच चांदमारीला गेले. पालथी पडले, पाय फाकवले, पदर कमरेला खोचला, आणि पाचपैकी चार गोळ्या निशाणाच्या मधल्या काळ्यात. उस्ताद पहिल्यांदाच टेकडीकडून आमच्याकडे वळले. म्हणाले, “शाबास! वर्दी तर तुमच्या ट्रंकेतच होती की.” मला वाटलं, सुटले. आता लुगड्यातल्या बाईला कोण भिणार?

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दोन दिवसांत घरमालकीण हळू आवाजात मला म्हणाली, “तुमी काय त्या कामावर हाव का आता? लोक म्हन्तात, खाकीतली बाय आता वेषांतर करून फिरते.” त्या दिवसापासून सरावलीत लुगड्यातल्या अनोळखी बाईलासुद्धा लोक वाट देऊ लागले.

शेवटी एका दुपारी मी एस.टी.नं तारापूरकडे गेले आणि विचारत विचारत कोळीवाड्यात पोचले. नेसायला रोजचं विटलेलं पाचवारी. हातात पिशवीसुद्धा घेतली नाही, न जाणो, पिशवीत काय आहे असं कुणाला वाटायचं. बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि मावशी ते उलटत होती. तिनं मला बघितलं आणि काम चालूच ठेवलं. वाटेत शंभरदा घोकलेलं मी एका दमात म्हणून टाकलं, “मावशी, मी पोलिसांची नाही. मी कुणाला काही सांगितलं नाही. देवाशपथ.”

“ते ठाव हाय मला,” मावशी म्हणाली. “दारूबंदीची बाय अशी बोंबील मोरीत घालवते काय?”

“मग तू येत का नाहीस?”

तिनं आणखी चार बोंबील उलटले. “पालघरच्या फलाटावर मी तुला हाक मारली. एकदा नाय, दोनदा. धाड पडायच्या आदल्या आयतवारी, ती पँट घातलीवतीस तवा. तू माझ्याकडं बघितलास नि मान फिरवलीस.”

मी म्हणणार होते की असं झालंच नाही. तोंड उघडलं आणि तेव्हाच आठवलं. येताना शाळेतल्या बाई माझ्या शेजारी होत्या, आणखी दोघी होत्या, आम्ही चौघी खाकीत. मावशीच्या टोपलीतून पाणी ठिबकत होतं. तिनं “अगो बाय!” म्हणून हाक मारली आणि मला वाटलं होतं, आत्ता नको. एवढंच वाटलं होतं. इतकं थोडं की घरी येईपर्यंत मी ते विसरूनही गेले. महिनाभर मी लोक मला काय समजतात याच्या काळजीत कपडे बदलत होते, आणि मी मावशीला काय समजले हे एकदाही मनात आलं नव्हतं. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. मी तिथंच उभी राहून रडले.

“तिकडं सरून रड,” मावशी म्हणाली. “माल भिजल.” थोड्या वेळानं म्हणाली, “परवा येते. चाय ठेव.”

ती आली, आणि घडी पुन्हा बसली. पुढं वर्गाची परीक्षा ठरली. मोठे साहेब येणार म्हणून त्या दिवशी खाकी सक्तीची होती. परीक्षा झाली, आम्ही सगळ्या पालघर स्टेशनवर आलो, आणि फलाटाच्या पार टोकाला टोपल्यांच्या घोळक्यात मला मावशी दिसली. या वेळी मी चुकणार नव्हते. शाळेतल्या बाईंना तिथंच सोडून मी पळत सुटले आणि उस्तादांनी शिकवलेल्या आवाजात ओरडले, “मावशी! ए मावशी! थांब!”

सगळा फलाट वळला. मावशीनं माझ्याकडे एकदा बघितलं, टोपली डोक्यावर चढवली आणि फलाट उतरून कुंपणाच्या फटीतून अशी पसार झाली की बघत राहावं. बाकीच्या टोपल्याही तिच्यामागं गेल्या. एक हमाल अदबीनं पुढं येऊन मला म्हणाला, “बाई, धरून आणू का तिला?”

मला वाटलं, फेडली तिनं. मी ओळख दिली नव्हती, आता तिनं दिली नाही. झालं ते बरोबरच झालं, असं मी मनाला समजावत राहिले.

मंगळवारी मावशी आली. टोपली उतरवली, आत सरकवली आणि स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं. “अगो, तू शहानी का येडी?” ती माझ्यावर खेकसलीच. “खाकीतली बाय भर फलाटावर माझ्या मागं धावते, थांब थांब म्हन्ते! लोकांनी काय समजायचा?”

“पण मावशी, तूच तर म्हणाली होतीस...”

“हाक मारायला सांगितलीवती, धरपकड करायला नाय.” मग तिनं टोपलीतले वरचे बोंबील हातानं बाजूला केले, त्याखालचं केळीचं पान उचललं, आणि मला म्हणाली, “ये, बघ.” खाली फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या आडव्या होत्या. वास सांगत होता त्यात काय ते. “साइटवरच्या मुकादमाला जातात. माझ्या सुनेला बी ठाव नाय. म्हनून पललू. आता तुला ठाव हाय.”

तिनं पान परत अंथरलं, बोंबील नीट लावले आणि चहा मागितला. मी स्टोव्हला पंप मारायला बसले. मला हसू येत होतं. परीक्षेत मी पाचही गोळ्या काळ्यात मारल्या होत्या, ते तिला सांगायचं राहूनच गेलं.