वानखेडेकाका आणि दारालगतचं पोतं

मयूर विहारच्या किराणा दुकानात एक गृहस्थ तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. दुकानदार ओरडत होता, "अरे अंकलजी, सब एक ही माल है!" त्यांनी तळातले दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. "वरचा तांदूळ दाखवायचा असतो, पोरी. खालचा शिजवायचा." हे आमच्याच सोसायटीतले वानखेडेकाका. मी पुण्याहून नॉयडातल्या कंपनीत नुकतीच आले होते. दिल्लीत कुणी 'पोरी' म्हटलं आणि मला रडूच आलं.

काका अमरावतीकडचे. सरकारी धान्य-गोदामांत तपासनीस होते. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी खुपसायची, दाणे काढायचे आणि माल पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. इतर लोक मोजकी पोती टोचून सही ठोकायचे. काकांना चैन पडायचं नाही. "एका पोत्यावरून अख्खं गोदाम पास? आपल्याच्यानं नाही होत, बाप्पा!" घरीही तेच. काकूंनी एक भेंडी मोडून कोवळी म्हटली, की हे उरलेल्या सगळ्या भेंड्यांची टोकं मोडत बसायचे.

आणि नेमकं त्यांच्याच नशिबी हे यावं! तळपायावर एक काळा डाग वाढत होता. तो मेलॅनोमा निघाला, कातडीचा कॅन्सर. डाग कापायचाच होता, पण तो आत पसरलाय का, हा प्रश्न होता. दवाखान्यात मी काका-काकूंसोबत गेले होते. डॉक्टर म्हणाले, जांघेतली पहिली ग्रंथी काढून तपासू. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.

काकांचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाहब, सब निकाल दीजिए."

"फिर पैर सूजा रहेगा, शायद हमेशा."

मग डॉक्टरांनी समजावलं. ही कुठलीही ग्रंथी नव्हे. डागाजवळ निळा रंग टोचायचा, तो वाहत जिथे आधी पोचेल ती. कॅन्सरही बहुधा आधी तिथेच जातो. काका माझ्याकडे वळले. "म्हणजे दारालगतचं पोतं. पाणी शिरलं तर ओल आधी त्याला." मी हिंदीत सांगितलं. डॉक्टर हसले. "बिल्कुल! पर कभी-कभार यह भी धोखा दे जाता है." काकू औषधांची पिशवी आवरत होत्या, त्यांनी हे ऐकलं नाही. काकांनी ऐकलं.

ऑपरेशननंतर लघवी निळी झाली तेव्हा काकू घाबरून पार गळाल्या. काका म्हणाले, "काहून भितेस? निळा रंग आपलाच आहे, तो दगा नाही देणार." आम्ही हसलो खरे, पण रिपोर्ट येईपर्यंत फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. रिपोर्ट स्वच्छ आला. काकूंनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि सोसायटीभर खीर वाटली.

काका मात्र सकाळी फिरून बाकावर टेकले, की त्यांची बोटं हळूच जांघेशी जायची. "काका, रिपोर्ट क्लीन आहे ना!"

"ज्या पोत्याचा आहे, त्याचा आहे."

मला अस्सा राग यायचा! किती दिवस जीव टांगणीला लावायचा माणसानं? हळूहळू ती सवय सुटली. काका नव्या फ्लायओव्हरपर्यंत फेऱ्या मारू लागले, काकू अमरावतीची तिकिटं काढा म्हणू लागल्या. मग एका सकाळी बोटं पुन्हा तिथे गेली आणि तिथेच थांबली.

गाठ होती. मी डॉक्टरांच्या नावानं खडे फोडले. काकांनी मला गप्प केलं. "त्यांनी परखी बरोबर पोत्यात घातली होती, पोरी. धोका आहे हेही तोंडावर सांगितलं होतं. आणि मधल्या काळात मी या दोन्ही पायांनी हिंडलो, ते तू पायलं नाहीस का?" उरलेल्या ग्रंथी काढल्या, पण तोवर कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. मयूर विहारला मेट्रो यायच्या आत काका गेले.

आता मी तांदूळ मॉलमधून आणते. सीलबंद पिशवी, हात घालायला जागाच नाही. मी ती बाहेरूनच दाबून बघते. बाहेरून काय कळणार, डोंबल! तरी रोज अंघोळीच्या वेळी स्वतःची जांघही दाबून बघते, आणि हाताला काही लागलं नाही तरी काकांसारखीच पुन्हा एकदा बघते.