पावणेदोन तासांचे सात तास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण — जाऊ दे, कारण कशाला हवं?

नागपूरहून दिल्लीला विमानाने किती वेळ लागतो, माहीत आहे? पावणेदोन तास. पट्टा बांधला, चहा प्यायला, पट्टा सोडला. बस्स! आईला मी सांगितलं होतं — सात. वर मधे दोनदा विमान बदलावं लागतं, अशी फोडणीही दिली. तिचे गुडघे दुखतात, तासाभराच्या वर एका जागी बसवत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर सात.

आणि का? मी इथे दिल्लीत सरकारी नोकरीत, करोल बागेत घर, ऑफिसातल्या मैत्रिणींचं सतत येणंजाणं. आई आर्वीची — खणखणीत आवाज, अस्सल वऱ्हाडी, पहिल्याच भेटीत समोरच्याचा पगार विचारणारी. मला — कसं सांगू? — मला तिची लाज वाटायची. झालं, बोलले एकदाचं.

पाच वर्षं हे चाललं. गावातल्या बुद्धविहारात कुणी म्हणालं, अहो काकू, दोनच तास लागतात, तर ही त्यांच्याशीच भांडायची. माझी पोरगी दिल्लीत साहेब आहे, तिले जास्त समजते का तुमाले? माझ्या खोट्यापायी बिचारी गावभर भांडली!

यंदा भाच्याने मला न विचारताच तिचं तिकीट काढलं. दोन तासांत पोचशील, असं तोही म्हणाला. तिला वाटलं, पोरगं धीर देतंय. सात तास सोसायचे ठरवून ती निघाली.

दिल्ली विमानतळाबाहेर मी उभी. आता सगळं उघडं पडणार! आणि आई आली — गळ्यात उशी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, दशम्यांचा डबा तसाच भरलेला, चेहरा नुसता फुललेला.

"पोरी, पायलट लय हुशार होता वं! सात तासाचं अंतर पावणेदोन तासात आणलं त्यानं, मधात कुठं थांबला बी नाही!"

उतरताना त्याला आशीर्वादही देऊन आली होती. मी हसले, इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. पण खरं बोलले का? छे. म्हटलं, आज वारा मागून होता, आई.

मग काय महिना गेला म्हणता! मैत्रिणी 'आंटीजी, आंटीजी' करत तिच्याभोवती. बाजारात दुकानदाराला 'भाऊ, इतना महंगा काय को?' विचारून त्याचाच चहा पिऊन आली. माझ्या घरात इतकं हसणं कधी झालंच नव्हतं. कसली लाज आणि कसलं काय, यार!

काल परत गेली. तोच पायलट असू दे, म्हणत होती. दाराशी थांबून हसत म्हणाली, "असा पायलट आधी भेटला असता, तर मी दरवर्षी आली असती वं."

मी तिच्या हातात पिशवी दिली. दरवर्षी आली असती ती. आली नाही, ती माझ्यामुळे.