ताज्या कानांची परीक्षा

आमच्या काकाने एकोणीस वर्षं एकच पुस्तक लिहिलं, तेही त्याचं नव्हे. घरातली मोठी माणसं जी भाषा बोलतात आणि आम्ही मुलं जिला नुसतं हो-ला-हो करतो, त्या भाषेत तो बायबल आणत होता. दिवसभर लॉन्ड्रीत कपड्यांवर नंबर टाकायचे, संध्याकाळी वह्या.

छापण्याआधी परीक्षा असते, भाषांतर ऐकणाऱ्याला कळतं का याची. परीक्षा काकाची, उत्तरं मात्र दुसऱ्याने द्यायची. ज्याने ती गोष्ट कुठल्याच भाषेत ऐकलेली नाही, अशा माणसाला उतारा वाचून दाखवायचा आणि त्याने तो आपल्या शब्दांत सांगायचा. एकदा ऐकलं की माणूस शिळा. त्यामुळे कुणी भेटलं की काका आधी कान ताजे आहेत का ते बघायचा. काकू म्हणायची, भाजी तरी एवढी निवडून आणा.

ही भाषा बोलणारी आमची माणसं मुळात मूठभर. एकेक करत सगळी शिळी झाली. उरली काकाची थोरली बहीण, आमची आत्या, लॉन्ड्रीत इस्त्री करणारी. तिला आपली भाषा सोडून दुसरी येत नाही. तिला शेवटासाठी राखून ठेवलंय, असं काका सांगायचा.

छापणाऱ्यांकडून परीक्षक आले. दर वाक्याआधी घसा खाकरणारे. त्यांनी बायबलातली घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट निवडली. मुलगा उंबरा ओलांडतो तिथवर काकाने वाचलं आणि थांबला. आत्याने डुलत डुलत सगळं बिनचूक सांगितलं. पण ती थांबेचना. तिने दुष्काळ पाडला, मुलाला डुकरांमागे पाठवलं, परत येणाऱ्या मुलाला भेटायला बापाला रस्त्यावर पळत पाठवलं, मुलाला घरी आणून जेवायलाही बसवलं. दुभाषी काकू. तिचा आवाज बारीक बारीक होत गेला.

परीक्षक खाकरले. "बाई, हे पुढचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हाच की. रोज वाचून दाखवतो."

रोजचं पान झालं की कुणाला तरी ऐकवावंसं वाटायचं, एवढंच काका बोलला. दुसरं कुणी आहे का, तर नव्हतं. फाइल मिटली. ताजे कान मिळाले तर कळवा, नाहीतर राहिलं.

आत्याला वाटत होतं, आपण पास झालो. खरं कळलं तेव्हा तिने इस्त्री उभी करून ठेवली. मग विसरते की, म्हणाली, त्यात काय.

काका आता वही उघडत नाही. न जाणो, चुकून एखादी ओळ तिच्या कानावर गेली तर. ती मात्र इमानदारीत विसरते आहे. परवा शर्टाची घडी घालताना काकाला म्हणाली, "डुकरं गेली. दुष्काळही गेला. बाप तेवढा अजून पळतोच आहे रे."